विश्लेषण : डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील नकाशा अचानक कोरा का होतो?

समजा, एखाद्या दूध संघाच्या कार्यालयात बारा-पंधरा वर्षांपूर्वी करून घेतलेले सॉफ्टवेअर आहे. कोणत्या संकलन केंद्रावर किती लिटर दूध आले, टँकर कोणत्या मार्गाने निघाला, याचा हिशेब त्यात रोज भरला जातो. एका कोपऱ्यात नकाशा आणि त्यावर केंद्रांच्या लाल खुणा आहेत. एक दिवस नकाशा करडा पडतो. खुणा तशाच राहतात, खालची गावे आणि रस्ते मात्र गायब. सॉफ्टवेअरमध्ये कोणी एक अक्षरही बदललेले नसते. बदललेले असते ते दूर कुठेतरी, नकाशा पुरवणाऱ्या कंपनीच्या धोरणात.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी कारण खरे आहे. मायक्रोसॉफ्टने ‘बिंग मॅप्स फॉर एंटरप्राइज’ या सेवेची मोफत खाती ३० जून २०२५ रोजी बंद केली. पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ३० जून २०२८ पर्यंत मुदत आहे. विंडोजमध्ये सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी जो तयार नकाशा-घटक होता, तोही कालबाह्य ठरवण्यात आला आणि विंडोजचे स्वतःचे ‘मॅप्स’ अ‍ॅप जुलै २०२५ पर्यंत स्टोअरमधून काढले गेले. मोबाइलवरच्या नकाशाची एवढी सवय झाली आहे की डेस्कटॉपवरही तो आपोआप येत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात डेस्कटॉपवर नकाशा आणि ‘मी कुठे आहे’ याचे उत्तर या दोन्ही गोष्टी उसन्या असतात.

नकाशा संगणकात येतो कसा?

पडद्यावर सलग दिसणारा नकाशा प्रत्यक्षात चौकोनी तुकड्यांचा असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. प्रत्येक टाइल साधारण २५६ बाय २५६ पिक्सेलची. सर्वांत बाहेरच्या पातळीवर सगळे जग एकाच टाइलमध्ये मावते. एक पायरी आत गेले की टाइलची संख्या चौपट होते. गल्लीबोळ नीट दिसतील अशा अठराव्या पातळीवर ती सुमारे ६,८७२ कोटींवर जाते. म्हणून सगळा नकाशा कोणी संगणकात भरून देत नाही. वापरकर्ता जिकडे सरकेल तिकडच्या टाइल तेवढ्या सर्व्हरवरून मागवल्या जातात.

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये हे बसवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे आतच एक छोटा ब्राउझर ठेवणे. विंडोजवर त्यासाठी ‘वेबव्ह्यू२’ आहे. ‘इलेक्ट्रॉन’ वापरून लिहिलेले सॉफ्टवेअर तर मुळातच क्रोमियम ब्राउझरवर उभे असते. या ब्राउझरच्या चौकटीत ‘लीफलेट’ किंवा ‘मॅपलिब्रे’सारखी मोफत लायब्ररी नकाशा सरकवण्याचे, मोठा-लहान करण्याचे काम करते. ‘क्यूटी’ वापरणाऱ्यांसाठी स्वतंत्र नकाशा-मॉड्यूल आहे. पण ते ‘क्यूटी ६’च्या पहिल्या आवृत्त्यांत नव्हतेच, २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत परतले. जुने सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेऊ पाहणाऱ्यांना तोवर वाट पाहावी लागली.

नकाशा दिसायला लागेपर्यंतचे हे काम अवघड नाही. होतकरू विद्यार्थी एका दुपारी करू शकतो. या टप्प्यावरची नेहमीची चूक एकच, अक्षांश आणि रेखांशांचा क्रम. लीफलेट आधी अक्षांश मागते, तर नकाशाची माहिती साठवण्याच्या ‘जिओजेसन’ या सर्वमान्य पद्धतीत आधी रेखांश लिहायचा असतो. क्रम चुकला की पुण्याजवळचे संकलन केंद्र थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. पुढच्या चुका दिसत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे.

फुकटचा नकाशा कुठे गेला?

गूगलने १६ जुलै २०१८ पासून नकाशा सेवेचे दरपत्रक बदलले. आधी दिवसाला २५ हजार वेळा नकाशा मोफत दाखवता येत असे. नंतर महिन्याला २०० डॉलरची सवलत उरली, म्हणजे महिन्याला साधारण २८ हजार वेळा. खाते आणि त्याची ‘की’ सक्तीची झाली. ज्यांनी ती जोडली नाही त्यांचे नकाशे काळवंडले आणि त्यांवर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पझेस ओन्ली’ अशी अक्षरे उमटली. अनेक छोट्या संस्थांना आपला नकाशा आपला नाही, हे त्या दिवशी कळले. मार्च २०२५ मध्ये २०० डॉलरची सवलतही गेली आणि तिच्या जागी सेवानिहाय मोफत मर्यादा आल्या.

भारतात या किमतींना स्पर्धेचा धक्का बसला. जुलै २०२४ मध्ये ‘ओला’ने गूगलचा नकाशा सोडल्याचे आणि त्यावर वर्षाला १०० कोटी रुपये खर्च होत असल्याचे जाहीर केले. आपला नकाशा तिने इतरांनाही वापरायला खुला केला. लगेच १ ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतातील दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले आणि बिल रुपयांत देण्याची सोय केली. दर उतरले ही चांगलीच गोष्ट. पण जे एका घोषणेने उतरते ते दुसऱ्या घोषणेने चढूही शकते, हे दूध संघाच्या चिटणीसाने अंदाजपत्रक करताना लक्षात घ्यायला हवे.

डेस्कटॉपची एक खास जोखीम मात्र दरपत्रकात लिहिलेली नसते. संकेतस्थळावर वापरलेली ‘की’ ठरावीक डोमेनपुरती बांधून ठेवता येते. डेस्कटॉप सॉफ्टवेअरला डोमेन नसते. ते शंभर संगणकांवर बसवले की ‘की’ही शंभर ठिकाणी जाते आणि थोडी माहिती असलेला कोणीही फाइल उघडून ती काढून घेऊ शकतो. नंतर त्याने केलेल्या वापराचे बिल मूळ मालकाच्या नावावर येते. उपाय माहीत असलेला आहे, पण आळसापायी टाळला जातो. ‘की’ सॉफ्टवेअरमध्ये न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची, सॉफ्टवेअरने नकाशा त्या सर्व्हरमार्फत मागायचा आणि रोजच्या वापराला वरची मर्यादा घालायची.

‘ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे ना?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी रेखाटलेल्या या नकाशाची माहिती मोफत आहे, हे खरे. तिचा सर्व्हर मात्र देणग्यांवर चालतो आणि त्याच्या वापराला नियम आहेत. सॉफ्टवेअरने प्रत्येक मागणीसोबत आपले खरे नाव सांगायचे, श्रेय पडद्यावर दिसेल असे द्यायचे, ऑफलाइन साठ्यासाठी घाऊक टाइल उतरवायच्या नाहीत. गावाच्या नावावरून ठिकाण शोधून देणाऱ्या ‘नॉमिनॅटिम’ या सेवेला सेकंदाला एकापेक्षा जास्त प्रश्न विचारायचे नाहीत. ब्राउझरमध्ये चालणारा नकाशा नाव सांगण्याचे काम आपोआप करतो. डेस्कटॉपवर लायब्ररीचे ठरावीक नाव तसेच सोडून दिले, तर सर्व्हर अशा मागण्या अडवतो. तपासणीत सुरळीत चाललेला नकाशा ग्राहकाकडे बसवल्यावर बंद पडतो, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते.

संगणकाला स्वतःचे ठिकाण कळते का?

खरे उत्तर, बहुतेक वेळा नाही. मोबाइलमध्ये उपग्रहांचे संकेत घेणारी चिप असते. टेबलावरच्या संगणकात ती नसते. म्हणून तो अंदाज करतो. आसपासच्या वाय-फाय राउटरची यादी करून ती मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवली जाते. कोणता राउटर कुठे आहे याचा प्रचंड साठा त्या कंपनीकडे असतो. त्यावरून ठिकाण सांगितले जाते. दाट वस्तीत हा अंदाज काही दहा मीटरपर्यंत अचूक येतो. रानातल्या संकलन केंद्रावर, जिथे आसपास एकच राउटर आहे किंवा तोही नाही, तिथे ही पद्धत पांगळी होते.

ही सेवाही उसनीच. इलेक्ट्रॉनमध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ती गूगलकडून घ्यावी लागते, त्यासाठी पुन्हा ‘की’ लागते. ती नसेल तर ठिकाणाऐवजी चूक परत येते. विंडोजची स्वतःची सेवा आहे, पण सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना ठिकाण कळू देण्याचा वेगळा खटका आहे. तो बंद असेल तर सॉफ्टवेअर कितीही नीट लिहिलेले असो, उपयोग नाही. लिनक्सची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथे ‘जिओक्लू’ ही यंत्रणा मोझिलाच्या मोफत ठिकाण-सेवेवर विसंबून होती. २०१९ मध्ये ‘स्कायहुक’ या कंपनीने पेटंटचा मुद्दा काढल्यानंतर मोझिलाला ती सेवा आवळावी लागली आणि २०२४ मध्ये ती बंदच झाली. जगभरातल्या लिनक्स संगणकांना त्यानंतर आपले ठिकाण विचारायला दुसरे दार शोधावे लागले. ‘बीकनडीबी’सारखे नवे खुले प्रकल्प ती जागा भरू पाहत आहेत; पण राउटरचा साठा गोळा व्हायला वर्षे लागतात.

वाय-फायही नसेल तर उरतो इंटरनेटचा आयपी पत्ता. त्यावरून देश बहुधा बरोबर कळतो, शहर कधी कळते, गाव जवळपास कधीच नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या संगणकाचे ठिकाण इंटरनेट कंपनीचे केंद्र असलेल्या मोठ्या शहरात दाखवले जाऊ शकते.

या अंदाजाला खरे मानले की काय होते, हे अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या एका शेतघराने अनुभवले. आयपी पत्त्यांचे ठिकाण सांगणाऱ्या ‘मॅक्समाइंड’ या कंपनीकडे ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिका’ एवढेच माहीत होते, त्यांच्यासाठी तिने देशाच्या मध्यावरचा एक सोयीस्कर बिंदू नोंदवला होता, ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. त्या बिंदूवर पॉटविन गावाजवळचे एक शेत निघाले. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या शेताच्या नावे लागले. चोरीला गेलेले संगणक, फसवणुकीचे मेल, बेपत्ता माणसे यांचा माग काढत पोलीस, तपास अधिकारी आणि चिडलेले लोक वर्षानुवर्षे त्या घराच्या दाराशी येत राहिले. २०१६ मध्ये एका वार्तांकनातून कारण उघड झाले. कंपनीने तो बिंदू एका तलावात हलवला, रहिवाशांनी तिच्यावर दावा दाखल केला.

दोष संगणकाच्या अज्ञानात नव्हता. अज्ञान लपवून एक नेमका बिंदू दाखवण्यात होता. प्रत्येक ठिकाण-सेवा अक्षांश-रेखांशासोबत अचूकतेचा आकडाही देते: ‘इतक्या मीटरच्या वर्तुळात कुठेतरी’. बरीच सॉफ्टवेअर हा आकडा टाकून देतात आणि नकाशावर टोकदार पिन लावतात. पंचवीस किलोमीटरचे वर्तुळ आणि पंचवीस मीटरचे वर्तुळ यांना एकच पिन. टँकर पोहोचला की नाही, केंद्र तपासायला गेलेला माणूस खरेच तिथे होता की नाही, असले निर्णय या पिनेवर घेतले जात असतील तर कोणाची तरी मजुरी किंवा नोकरी त्यावर टांगलेली असते.

याची दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अ‍ॅपलच्या वाय-फाय ठिकाण-सेवेला प्रश्न विचारत विचारत वर्षभरात जगभरातील २०० कोटींहून अधिक राउटरची ठिकाणे गोळा करून दाखवली. राउटर हलला की त्याचा मालकही हलल्याचे कळते. आपला राउटर अशा साठ्यात नको असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अधोरेषा आणि ‘नोमॅप’ जोडण्याची सोय आहे. किती घरांत ती माहीत असेल, हा वेगळा विषय. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार ओळख पटू शकणाऱ्या व्यक्तीची माहिती ही वैयक्तिक विदा ठरते. टँकरचालकाचे ठिकाण नोंदवताना ते कशासाठी आणि किती दिवस ठेवणार, हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे लागेल.

नकाशावरची सीमा कोणाची?

भारतात सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० मध्ये भर घालण्यात आली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणाऱ्याला त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओपनस्ट्रीटमॅप मात्र प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे, त्याप्रमाणे सीमा रेखाटते. त्याच्या नेहमीच्या टाइल जशाच्या तशा लावल्या की जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे दिसत नाही. जिल्ह्यापुरता नकाशा वापरणाऱ्या दूध संघाच्या हे ध्यानातही येत नाही, कारण कोणी तितके बाहेर जाऊन पाहतच नाही. पण सॉफ्टवेअर उघडताना नकाशा संपूर्ण देश दाखवून सुरू होत असेल, तर पहिलाच पडदा चुकीचा असतो.

हे केवळ कागदावरचे नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी व्हॉट्सअ‍ॅपने नववर्षाच्या निमित्ताने टाकलेल्या चित्रात भारताचा नकाशा चुकला होता. तत्कालीन माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी जाहीरपणे दुरुस्ती मागितल्यावर कंपनीने ते चित्र काढून माफी मागितली. मोठी कंपनी माफी मागून सुटते. तालुक्यातल्या दोन माणसांच्या सॉफ्टवेअर व्यवसायाला एक नोटीसही जड जाते. गूगलच्या सेवेत ‘रिजन’ भारत ठेवण्याची सोय आहे. खुल्या माहितीवर स्वतः नकाशा उभारणाऱ्याने सीमेचा थर वेगळा काढून अधिकृत नकाशानुसार बसवावा. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीच्या जाचातून मोकळे केले. सीमेचा नियम मात्र सैल झालेला नाही.

इंटरनेटच नसेल तर?

मुळात डेस्कटॉप सॉफ्टवेअर आजही टिकून आहे ते इथेच. जोडणी गेली तरी हिशेब थांबत नाही. मग नकाशाने का थांबावे? पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे. या अक्षांशावर अठराव्या पातळीची एक टाइल साधारण १४५ मीटर बाजूची असते. म्हणजे जिल्ह्यासाठी त्या एकाच पातळीच्या सुमारे साडेसात लाख टाइल. चित्रांच्या रूपात हे ओझे मोठे आहे, शिवाय ती घाऊक उतरवायला बंदी आहेच. वेक्टर टाइलमध्ये चित्राऐवजी रस्ता, नदी, गाव यांची आकृती साठवली जाते आणि रंगकाम वापरकर्त्याच्या संगणकावर होते. त्यामुळे एकच तपशील पातळी पातळीला पुन्हा चित्र करून ठेवावा लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीची भारताच्या विभागांनुसार केलेली गाठोडी ‘जिओफॅब्रिक’वरून उतरवता येतात. त्यातून जिल्हा कापून ‘पीएमटाइल्स’ किंवा ‘एमबीटाइल्स’ पद्धतीची एकच फाइल केली, की ती पेन ड्राइव्हवर नेऊन बसवता येते. ना ‘की’, ना बिल, ना धोरण बदलण्याची भीती. श्रेयाची ओळ तेवढी ठेवायची.

ठिकाणासाठीही असाच साधा मार्ग आहे. संकलन केंद्र जागचे हलत नाही. त्याचे अक्षांश-रेखांश एकदा तिथे उभे राहून मोबाइलवर मोजले आणि नोंदवले की रोज संगणकाला विचारायची गरजच नाही. फिरत्या लॅपटॉपला यूएसबी जीपीएस जोडता येतो. तो ‘एनएमईए ०१८३’ या जुन्या ठरलेल्या पद्धतीने साध्या मजकुराच्या ओळी पाठवतो. त्या वाचायला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. आकाश मोकळे हवे, एवढीच अट. विकत सेवा घ्यावी ती ज्या गोष्टी स्वतः ठेवता येत नाहीत त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ वाहतूक कोंडीची ताजी स्थिती.

मराठी नावे का मोडतात?

वेक्टर टाइलचा मार्ग धरला की एक अडथळा खास देवनागरीपुढे येतो. टाइल चित्राच्या रूपात असते तेव्हा सर्व्हरने अक्षरे आधीच नीट जुळवलेली असतात. वेक्टरमध्ये ती वापरकर्त्याच्या संगणकावर जुळवावी लागतात आणि मॅपलिब्रेसारख्या लायब्ररींची मूळ रचना एकेक वर्ण सुटा मांडण्याची आहे. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसायला हवी आणि जोडाक्षर एक व्हायला हवे. सुटे वर्ण ओळीने मांडल्यावर ‘पिंपरी’मधली पहिली वेलांटी ‘प’च्या मागे जाते आणि ‘श्रीगोंदा’मधला ‘श्री’ फुटतो. ही तक्रार जुनी आहे. त्यावर पूरक प्लगइन आणि पर्यायी उपाय आहेत, पण ते मुद्दाम बसवावे लागतात. बहुतेक जण नावे इंग्रजीत ठेवून मोकळे होतात.

नावे बदलतात, हा दुसरा प्रश्न. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. पेन ड्राइव्हवरची फाइल त्याआधीची असेल तर ती जुनीच नावे दाखवत राहते, आणि केंद्रांच्या नोंदी जिल्ह्याच्या नावाने जोडलेल्या असतील तर नवे नाव टाकताच जुना हिशेब तुटतो. शिवाय पिंपळगाव किंवा वडगाव एका नावाचे एकच नाही. नावावरून शोध घेतला तर भलत्याच तालुक्यातले गाव हाती येते. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. नोंद त्या क्रमांकाने ठेवली आणि नाव केवळ दाखवण्यापुरते वापरले, तर नाव बदलल्यावर एका तक्त्यातली एक ओळ बदलावी लागते, आणि नकाशाची फाइल वर्षातून एक-दोनदा नवी करून पाठवली की उरलेले कामही होते.